राहिलेली गोष्ट

सातारा
रविवार, रात्री साडेदहा

चि. शंतनू,
अनेक आशीर्वाद.

तू पोचल्याचा मेसेज बाबांच्या फोनवर आला, माझ्या नाही. बरोबरच आहे. गुरुवारी पहाटे तू सॅक उचललीस, जिन्याच्या खालच्या पायरीला नेहमीसारखा ठेचकाळलास, बाबांनी स्कूटरला दोनदा किक मारली, हे सगळं मी अंथरुणात डोळे मिटून ऐकत होते. झोपले नव्हते. फाटकाची कडी वाजल्यावर उठून खिडकीशी गेले, तोवर कोपऱ्यावर स्कूटरचा लाल दिवा तेवढा दिसला.

आधी एक लिहून मोकळी होते. बुधवारी ताटावर मी जे बोलले ते बोलायला नको होतं. "नाव काढायचंय की मरायचंय, ते एकदा ठरव." कुठली आई असं बोलते? बाबा अर्ध्या भाकरीवरून उठले. तू मात्र चिडला नाहीस. "आई, तूच तर सांगायचीस," एवढंच म्हणालास आणि आमटी वाढून घेतलीस. चिडला असतास तर बरं झालं असतं. चार दिवस ते वाक्य माझ्या पाठी लागलंय.

पॅराचा, म्हणजे त्या छत्रीधारी कमांडोंत जायचा, अर्ज मागे घे, असं मी या पत्रात लिहिणार नाही. बाबांना तसा शब्द दिलाय, आणि पाकिटात घालण्याआधी ते हे वाचणार आहेत. (वाचा हो. खाडाखोड करू नका.)

तू म्हणालास ते खरं आहे. मीच सांगायचे. लोडशेडिंगच्या रात्री गच्चीवर सतरंजी, एका बाजूला ताई, आणि तू परात छातीशी धरून ग्रीकांचा वीर अकिलीस. त्या परातीला तू पाडलेला पोचा अजून आहे, कणीक मळताना हाताला लागतो. होमरचं 'इलियड', ग्रीकांनी ट्रॉयवर केलेल्या स्वारीचं महाकाव्य, दुपारी वर्गात बी.ए.च्या पोरांना इंग्रजीतून शिकवायचे तेच रात्री तुम्हाला मराठीतून सांगायचे. पण अर्धंच सांगायचे. लढाया सांगितल्या, देवांच्या लोहारानं, हेफेस्टसनं, रात्रीत घडवलेली ढाल सांगितली, अकिलीसचा घोडा माणसासारखा बोलला ते सांगितलं. चोविसावा सर्ग कधी सांगितलाच नाही. नववा सांगितला, तोही सोयीचा तेवढा. आता तुला सत्ताविसावं लागलंय. राहिलेलं आता सांगते. नको वाटलं तर बाजूला ठेव, फाडू नकोस.

नवव्या सर्गातली ती दोन दैवांची गोष्ट तुझी फार आवडती. ट्रॉयला राहून लढलास तर घरी परतणं नाही, पण नाव कधी झिजणार नाही. घरी गेलास तर नाव नाही, पण आयुष्य लांबलचक. एवढं सांगून मी थांबायचे आणि तुला विचारायचे, "तू काय घेशील?" तू परात आपटून ओरडायचास, "नाव!" आणि मी तुझे पापे घ्यायचे. सात वर्षांच्या पोराला हा प्रश्न विचारायचे मी, शंतनू. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

आणि अकिलीस हे कधी बोलतो, ते तुला कुठं सांगितलं होतं? तो हे बोलतो तेव्हा गाशा गुंडाळून निघायच्या तयारीत असतो. अ‍ॅगमेम्नॉननं म्हणजे ग्रीकांच्या सरसेनापतीनं त्याच्या मानाचा वाटा, ती लुटीत मिळालेली ब्रिसेइस, भर सभेत हिसकावून घेतलीय. आपल्याकडे लग्नात मानपानावरून व्याही रुसतो ना, तसं हे आहे, फक्त इथं हजारोंचे जीव जातात. मग समजूत काढायला माणसं येतात. देणग्यांची यादी केवढी! सात तिवया, दहा टॅलंट सोनं, वीस हंडे, बारा घोडे, सात बायका, ब्रिसेइस परत, वर पुढेमागे राजाची मुलगी आणि सात गावं. तो म्हणतो, नको. गुरंमेंढरं लुटून आणता येतात, तिवया मिळवता येतात, पण माणसाचा जीव एकदा दातांच्या कुंपणाबाहेर गेला की तो लुटून आणता येत नाही. मागं राहणाऱ्याला आणि जीव तोडून लढणाऱ्याला शेवटी वाटा सारखाच, असंही म्हणतो. अख्ख्या सैन्यातला सगळ्यात मोठा लढवय्या हे बोलतोय! मी तुला नावाचं वाक्य सांगितलं आणि दातांच्या कुंपणाचं गाळलं. एकाच भाषणातली आहेत दोन्ही.

नाव म्हणजे तिकडचा शब्द क्लेऑस. ग्रीक मला येत नाही, टीपांतून वेचलेले पाच-पंचवीस शब्द आहेत तेवढेच. पण हा आपल्या घरातलाच आहे. ऐकणे या धातूवरून आलाय, आपलं श्रवण तसंच. वेदात 'श्रवस्' म्हणजे कीर्ती, लोकांच्या कानावर गेलेलं नाव. 'क्लेऑस आफ्थितॉन', न झिजणारं नाव, असं अकिलीस म्हणतो, आणि ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात मधुच्छंदा इंद्राकडे 'श्रवः… अक्षितम्' मागतो, गाईगुरांसकट. आडाल्बर्ट कून नावाच्या जर्मन पंडितानं १८५३ साली हे दोन्ही शेजारी ठेवून दाखवलं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी हे वाचलं तेव्हा मी नाचायचीच बाकी होते, तुला फोन करून सांगितलं होतं, तू त्या वेळी परेडवरून आला होतास आणि "हं, हं" करत होतास. मुद्दा काय, नाव म्हणजे ऐकू येणारी गोष्ट. ज्याचं आहे त्याला ते ऐकू येत नाही. ऐकायला मागचे राहतात.

बघ, लेक्चर सुरू झालं. माफ कर. सवय जात नाही. ताई म्हणतेच, आई फोनवरसुद्धा हजेरी घेते.

मला तुला अजिंक्यताऱ्यावरची ती बकरी आठवून द्यायची होती. तू बारा वर्षांचा होतास. दक्षिणेकडच्या कड्यावर धनगराची पाट अडकली होती, मोठी माणसं वरून नुसती हातवारे करत उभी होती आणि तू चपला काढून खाली उतरलास. मला हे कळलं तेव्हा तू घरी आला होतास, कोपर सोलटलेलं, शर्टाला लेंड्यांचा वास. त्या दिवशी मी तुला रागवायला हवं होतं. मी काय केलं? तुझ्या हातावर एक्कावन्न रुपये ठेवले, अख्ख्या कॉलनीत कंदी पेढे वाटले, आणि बंडूकाकांना फोन करून "आमचा शंतनू" म्हणून अर्धा तास सांगत बसले. रात्री मात्र पाण्याचा तांब्या हातातून पडला इतके हात थरथरत होते. ते तू पाहिलं नाहीस, झोपला होतास. तुला पेढेच दिसले.

ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर, त्याचं एक वाक्य आहे, सहाव्या सर्गातलं. त्याची बायको अँड्रोमाकी मुलाला घेऊन तटापाशी येते आणि म्हणते, तुझं हे धाडसच तुझा घात करेल. ती नुसती रडत नाही बरं का. फौज त्या अंजिराच्या झाडापाशी ठेव, तिथून तट चढायला सोपा आहे, तीनदा त्यांनी तिथंच प्रयत्न केलाय, असं अगदी सुभेदारासारखं सांगते. हेक्टर म्हणतो, मलाही हे सगळं कळतं, पण मागं राहिलो तर ट्रॉयच्या बायाबापड्यांना तोंड कसं दाखवू? आणि मग म्हणतो, पहिल्या फळीत लढायला मी शिकलो आहे. 'शिकलो' हाच शब्द आहे तिथं. गणिताचं इंग्रजी नाव ज्या धातूवरून आलं, त्याच धातूचा. पंचवीस वर्षं मी तो सर्ग शिकवला आणि त्या क्रियापदावरून सरळ पुढं गेले. शौर्य त्याच्या रक्तात नव्हतं, कुणीतरी शिकवलं होतं. कोणी शिकवलं ते होमर सांगत नाही. तुझ्या बाबतीत सांगायची गरज नाही.

त्याच भेटीत ते लहानगं हेक्टरच्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा बघून भोकाड पसरतं. आईबाप दोघंही हसतात. तो शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो, मग पोराला घेतो. तू पासिंग आउटनंतर टोपी काढून आजीच्या पाया पडलास, तेव्हा ती तुला आधी ओळखेनाच, आठवतं? "कोण हा पोलीस?" म्हणाली.

अँड्रोमाकी परत जाताना सारखी मागं वळून बघते. घरी पोचल्यावर दासींसकट सगळ्या बायका हेक्टरसाठी रडायला लागतात, तो जिवंत असताना, त्याच्याच घरात. म्हणून मी गुरुवारी रडले नाही. बाबांना वाटलं मी अजून रागात आहे. जिवंत माणसासाठी रडायचं नसतं एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसले ते लिहिते, मग पुन्हा त्याबद्दल बोलणार नाही. पॅट्रोक्लस. अकिलीस स्वतः उतरायला तयार नसतो, पण मित्राला आपली शस्त्रं चढवून पाठवतो आणि अगदी बजावून सांगतो: शत्रूला जहाजांपासून हटवलंस की परत फिर. तटापर्यंत जाऊ नकोस. बाकीच्यांना मैदानात लढू दे, तू परत फिर. पॅट्रोक्लस जहाजं वाचवतो. काम झालं. तिथं त्यानं मागं वळायला हवं होतं. पण समोर पळणारी पाठ दिसते, एक पडतो, दुसरा पडतो, आणि तो तटापाशी जाऊन पोचतो, तीनदा चढायला बघतो. त्याला कोणी भित्रा म्हणालं असतं का रे परत फिरला असता तर? दिलेलं काम पुरं करूनच आला असता ना?

तू परत फिरणाऱ्यांतला नाहीस. बकरी वर आणल्यावर तू दोरीसाठी पुन्हा खाली उतरला होतास, हे मला धनगरानं दोन वर्षांनी सांगितलं.

बरं. पुरे.

बाबांचंही सांगते. ते तुला काही बोलले नाहीत, बसस्टँडवर फक्त गुडघ्याचं विचारलं असेल. अकिलीसच्या बापानं, पेलिअसनं, निरोप देताना काय सांगितलं याच्या इलियडमध्ये दोन आवृत्त्या आहेत. ग्रीकांचा एक सरदार ओडिसियस सांगतो, म्हातारा म्हणाला होता, बळ काय देव देतील, तू उरातला ताठा आवर, गोडीनं राहा, भांडणापासून लांब. दुसरा सरदार नेस्टर सांगतो, म्हातारा म्हणाला होता, नेहमी अव्वल राहा, इतरांच्या वर राहा. ओडिसियसला तेव्हा अकिलीसचा रुसवा काढायचा असतो, नेस्टरला पॅट्रोक्लसला लढाईला उठवायचं असतं, तेव्हा ज्याला जे हवं ते त्याला आठवलं. बापानं बहुतेक दोन्ही सांगितलं असणार. बाबांनीही तुला दोन्ही सांगितलंय. दहावीच्या वेळचं 'पहिल्या दहात' तेवढं तुझ्या लक्षात राहिलं.

पण बाबांवर कशाला ढकलू? तुझ्या एनडीएच्या डायरीचं पहिलं पान काढ. माझंच अक्षर आहे, हिरव्या शाईतलं. "मुहूर्तं ज्वलितं श्रेयो न च धूमायितं चिरम्." नुसतं धुमसत राहण्यापेक्षा क्षणभर भडकून जळणं बरं. महाभारतातली विदुला रणातून हरून आलेल्या मुलाला म्हणते ते. काय ऐटीत लिहिलं होतं मी! ट्रॉयच्या तटावर हेक्टरची आई हेक्युबा नेमकी उलट आहे. हेक्टर वेशीबाहेर अकिलीसची वाट बघत एकटा उभा, आणि ती पदर बाजूला सारून छाती उघडी करून म्हणते, याची तरी लाज बाळग, हिच्यावर तू वाढलास, आत ये. मी विद्यार्थ्यांना विचारायचे, दोघींतली मोठी कोण? चांगला प्रश्न आहे म्हणून दोनदा पेपरात घातला. आता उत्तर लिहायला बसवलं तर मला दहापैकी भोपळा मिळेल.

आणि हेक्टर आत येत नाही, पण उभाही राहत नाही. अकिलीस जवळ आल्यावर तो पळतो. तटाभोवती तीन फेऱ्या. हे मी तुला सांगितलं नव्हतं. इतका मोठा हेक्टर पळाला हे तुला आवडलं नसतं, असं मला वाटायचं. त्या वेळी घरात अँड्रोमाकी विणत असते आणि दासींना सांगते, चुलीवर मोठं पातेलं ठेवा, तो आला की अंघोळीला गरम पाणी हवं. हा उतारा मला वर्गात मोठ्यानं वाचता यायचा नाही, कुणातरी मुलीला वाचायला द्यायचे. तू सुट्टीवर येतोस त्या दिवशी बाबा पहाटे बंब पेटवतात. गीझर असताना. कशाला, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

तुला त्या बिल्ल्याचं वेड आहे, ठाऊक आहे मला. पॅराची ती मरून रंगाची टोपी समजू शकते. पण बिल्ल्यावर देवनागरीत चक्क 'बलिदान' लिहिलेलं असतं. मिळवायचं काय ते आधीच छातीवर लिहून ठेवायचं? सार्पेडॉन निदान हातचं राखून बोलतो. ट्रॉयच्या बाजूनं लढणारा लिशियाचा तो राजा, बाराव्या सर्गात सोबत्याला, ग्लॉकसला, म्हणतो, आपल्याला घरी मानाचं आसन, मांसाचा चांगला वाटा, भरलेले पेले, नदीकाठची जमीन हे सगळं का मिळतं? तेव्हा आता पुढं उभं राहायला हवं. इथपर्यंत कुठलाही कर्नल बोलेल. पुढं तो म्हणतो, या लढाईतून सुटून आपण अजरामर होणार असतो, तर मी पुढं लढलो नसतो आणि तुलाही पाठवलं नसतं. मरण तसंही हजार वाटांनी येणार म्हणून चल. मला हा माणूस आवडतो. तो मरतो, अर्थात. झ्यूसचा मुलगा असून. झ्यूसच्या मनात त्याला वाचवायचं येतं, तेव्हा त्याची बायको हेरा म्हणते, मग प्रत्येक देव आपापला मुलगा उचलेल. देवांचा बाप गप्प बसतो आणि रक्ताचा पाऊस पाडतो. त्याला जमलं नाही, तिथं मी ताटावर बसून एक वाक्य बोलून काय मोठं करणार होते!

थेटिसबद्दल, अकिलीसच्या आईबद्दल, मी तुला फक्त एवढं सांगितलं की ती समुद्रातून येते आणि मुलाला नवी शस्त्रं आणून देते. तू विचारायचास, "किती जड होती?" अठराव्या सर्गात ती रडताना स्वतःला एक शब्द लावते, सबंध होमरमध्ये एकदाच येतो तो. दुस-अरिस्तो-तोकेइआ. सर्वांत चांगल्याला जन्म देऊन अभागी ठरलेली, एवढं सगळं त्या एका शब्दात. मग म्हणते, रोपासारखा वाढवला त्याला, बांधावरच्या झाडासारखा सरसर वर आला, आणि जहाजात बसवून पाठवला मी. घरी परत आलेला काही बघायची नाही. मुलाला ती सांगते, हेक्टरच्या मागोमाग तुझंही मरण आहे. तो म्हणतो, चालेल. आणि मग ती काय करते, तर हेफेस्टसकडे जाऊन त्याच्यासाठी ढाल, चिलखत, शिरस्त्राण घडवून घेते. स्वतः आणून पायाशी ठेवते. अडवत नाही. अडवता येणार नाही हे कळल्यावर निदान सामान तरी चांगलं असावं, असं असेल. तुझ्या सॅकमध्ये खालच्या कप्प्यात दोन नी-कॅप आहेत, पुण्याहून मागवलेल्या, महागाच्या. गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते तू बाबांना सांगितलंस, मला नाही. मला कळलंय.

ढालीवर काय कोरलंय ते मात्र तुला पाठ होतं. लग्नाची वरात, न्यायनिवाडा, नांगरट, द्राक्षमळा. नांगऱ्या तासाच्या टोकाला येऊन वळला की त्याच्या हातात एक माणूस वाइनचा पेला देतो. इतक्या प्रेमानं शेती कोरलेली ढाल घेऊन अकिलीस माणसं मारायला जातो.

तुझ्या पणजोबांच्या गावच्या चावडीची ती संगमरवरी पाटी तू लहानपणी बोटानं वाचायचास. या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे आहेत, नावं नाहीत. पणजोबा बसऱ्याहून परत आले म्हणून आपण आहोत. त्यांचा धाकटा भाऊ त्या दुसऱ्या आकड्यात आहे. होमर असं करत नाही, हे मी त्याच्या बाजूनं नेहमी सांगते. चौथ्या सर्गात एक पोरगा मरतो, सिमोइसिअस. मोठा वीर वगैरे नाही, पुन्हा कुठं येतही नाही. पण होमर थांबतो आणि सांगतो की ह्याची आई आईबापांबरोबर मेंढरं बघायला इडा डोंगरावर गेली होती, उतरताना सिमोइस नदीच्या काठी बाळंत झाली, म्हणून हे नाव. आणि आईबापांचे पांग न फेडताच तो गेला, अजाक्सचा भाला लागून, पाणथळीतला पॉप्लर तोडावा तसा पडला. पांग फेडणे. हाच हिशेब आहे तिथं, अगदी आपल्यासारखा. तुला सांगते, माझे काही पांग फेडायचे राहिलेले नाहीत. तू परत फिरलास की फिटले.

पुन्हा तेच लिहिलं ना? लिहू दे.

चोविसावा सर्ग. हेक्टरला मारून अकिलीसचं समाधान होत नाही, तो रोज प्रेत रथाला बांधून पॅट्रोक्लसच्या थडग्याभोवती ओढतो. एका रात्री प्रायम, हेक्टरचा म्हातारा बाप, गाडीत खंडणी भरून शत्रूच्या छावणीत येतो, बरोबर एक म्हातारा भालदार. सरळ तंबूत शिरतो, अकिलीसचे गुडघे धरतो आणि ज्या हातांनी त्याची इतकी मुलं मारली त्या हातांचं चुंबन घेतो. म्हणतो, तुझ्या बापाला आठव. तोही माझ्याच वयाचा. तू जिवंत आहेस असं ऐकून तो रोज आशेनं असतो. अकिलीस रडतो, कधी बापासाठी, कधी पॅट्रोक्लससाठी. प्रायम पायाशी पडून हेक्टरसाठी रडतो. दोघांचा आवाज घरभर होतो. मग अकिलीस त्याला हाताला धरून उठवतो.

यापुढचं मला जास्त लागतं. तो दासींना सांगतो, प्रेत धुवून तेल लावा, पण आडबाजूला. म्हाताऱ्यानं पाहिलं तर त्याचा तोल जाईल, आणि मग माझाही जाईल, मी त्याला मारून बसेन. स्वतःच्या रागाला तो आता ओळखतो. पहिल्या सर्गाचा पहिला शब्द 'राग' आहे, शंतनू, आणि साडेपंधरा हजार ओळींनंतर हा माणूस रागासाठी आडोसा करतोय. मग म्हणतो, जेवून घे. बारा मुलं गेल्यावर निओबीसुद्धा जेवली. प्रायमच्या तोंडात मुलगा गेल्यापासून अन्न नव्हतं. दोघं जेवतात. जेवण झाल्यावर एकमेकांकडे बघत बसतात, नुसते. अकिलीस विचारतो, अंत्यविधीला किती दिवस हवेत? म्हातारा हिशेब सांगतो: नऊ दिवस शोक, दहाव्याला दहन, अकराव्याला थडगं, बाराव्याला लढू, लढायलाच लागलं तर. अकिलीस म्हणतो, तेवढे दिवस मी लढाई थांबवून धरतो.

पुढं अकिलीसचं मरण इलियडमध्ये नाहीच. लाकडी घोडाही नाही. हेक्टरच्या अंत्यविधीवर काव्य संपतं. तू विचारायचास, "मग शेवटी कोण जिंकलं?" आणि मी दुसरीकडचा घोडा आणून जोडायचे, कारण तुला झोपवायचं असायचं.

नावाचा हिशेब होमरच्या दुसऱ्या काव्यात, ओडिसीत, लागतो. ओडिसियस मृतांच्या लोकी जातो, तिथं अकिलीस भेटतो. ओडिसियस म्हणतो, तुझं काय बाबा, जिवंतपणी देवासारखा मान आणि इथंही तूच राजा. अकिलीस म्हणतो, मरणाची गोडवी मला सांगू नकोस. मेलेल्या सगळ्यांचा राजा होण्यापेक्षा, ज्याच्याकडे स्वतःची धड जमीन नाही अशा माणसाच्या रानात मी मजुरी करीन. बुधवारी हेच तुझ्या तोंडावर फेकायचं माझ्या मनात होतं, आमटी वाढताना. बरं झालं नाही फेकलं, कारण उतारा इथं संपत नाही. लगेच पुढं तो विचारतो, माझा मुलगा कसा आहे? पहिल्या फळीत होता का? ओडिसियस सांगतो, होता, सगळ्यांच्या पुढं होता. आणि मजुरीला तयार झालेला तोच अकिलीस, मुलगा नाव काढतोय म्हटल्यावर, लांब लांब ढांगा टाकत त्या कुरणातून खुशीत निघून जातो.

काल मंडईत तुझ्या त्या वर्गमित्राची आई भेटली. शंतनू कुठं असतो विचारलं तिनं. मी म्हटलं, "पॅराला अर्ज केलाय त्यानं. स्वतःहून." आवाज नको तितका मोठा निघाला, मेथीवाली बघायला लागली. घरी येऊन जुड्या निवडल्या. बाबा म्हणाले, चेहरा का असा? काही नाही म्हटलं.

तुझी
आई

ता.क. लोणच्याची बरणी ओट्यावरच राहिलीय. विसरलास की मुद्दाम ठेवलीस ते कळव. विसरला असशील तर ५६ एपीओला, त्या लष्करी टपालानं, बरणी जाते का ते बाबा पोस्टात विचारणार आहेत.